गिटारीच्या ढलप्या

देवपुरात पांझरा नदीच्या पुलाकडून आलं की लाकडाच्या वखारी लागतात. त्यांच्या तोंडाशीच हिलाल मिस्तरीचा कारखाना होता. मिस्तरी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पाटी त्याच्याच नावाची होती आणि पाटीखाली बसायची त्याची बायको, नर्मदाबाई. नवरा गेला तेव्हा दिरांनी सांगितलं होतं, वहिनी, हत्यारं विकून टाका, बाईमाणसाला काय करायची. नर्मदाबाईनं कोपऱ्यातला वाकस उचलला आणि दिरांच्या समोर बाभळीच्या ओंडक्याची साल उतरवून दाखवली. दीर चहा न पिताच गेले. तेव्हापासून चौकटी, पाट, पाळणे, गाडीचं जू, जे येईल ते तीच करायची. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. पुढं गेली नाही याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. मास्तराला साधा रंधा धरता येत नाही, हे तिला पहिलीतच कळलं होतं.

तिचा एकुलता एक मुलगा भटू. त्याच्या हातात वाकस काही बसला नाही. बसलं ते एक लाल वाद्य, लांब मानेचं, चार जाड तारांचं. बेस गिटार. जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात तो ते वाजवायचा. पहिल्यांदा नर्मदाबाईनं नाक मुरडलं होतं. गाणारा ऐकू येतो, ढोलकी ऐकू येते, आणि हा मधे उभा राहून करतो तरी काय? मग एकदा लग्नात ती स्पीकरच्या जवळ बसली आणि तिच्या तळपायातून काहीतरी वर चढत छातीपर्यंत आलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कोणी विचारलं की सांगायची, माझ्या भटूनं हात थांबवला तर बठ्ठं गाणं, सगळंच्या सगळं, जमिनीवर येऊन पडेल.

त्या हिवाळ्यात ऑर्केस्ट्राचा टेम्पो पारोळ्याच्या पुढं कलंडला. बाकीच्यांना खरचटलं. भटूच्या डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण गिटारीचा पट्टा नेमका त्याच खांद्यावर यायचा. एक गाणं उभ्यानं वाजवलं की त्याच्या ओठांवरचा रंग उडायचा. डॉक्टरनं सांगितलं, ओझं नको. मग एक दिवस ऑर्केस्ट्राचा मालक पितांबर घरी आला.

"अक्का, स्टेजवर माणूस उभा पाहिजे," तो म्हणाला. "खुर्चीत बसलेला दिसला की लोकांना वाटतं, नवरदेवाचा आजारी काका वर येऊन बसला."

"आणि टेम्पो कोणाचा होता रे, पितांबर? नवरदेवाच्या काकाचा?"

पितांबरनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "अखाजीचा सण झाला की मेहरूणला मोठं लग्न आहे. तेवढा प्रोग्राम त्यानं उभ्यानं काढून दाखवावा. जागा त्याची. नाहीतर सुरतचा एक पोरगा तयार आहे."

"सुरतच्या पोराला सुरतेत वाजवू दे. चहा पी, निवला."

तो गेल्यावर नर्मदाबाई उठली. तिनं भिंतीला टेकवलेली गिटार स्वतःच्या खांद्यावर अडकवून पाहिली. जड होती, खरंच जड होती. तिनं बोटांच्या पेरांनी लाल धडावर टकटक केलं. आवाज भरीव आला.

"लाकूडच शे ना?" ती म्हणाली. "मंग हलकं व्हई."

भटू दारातून धावत आत आला. "माय, ती गिटार आहे. दाराची चौकट नाही."

"चौकटीवर घर उभं राहतं. हिच्यावर काय उभं राहतं?"

भटूनं गिटारीच्या मानेवर हात ठेवला.

"मी," तो म्हणाला.

"म्हणूनच तर मी हात लावते. दुसऱ्या कोणाला लावू दिला नसता."

भटूनं तारा उतरवल्या, मान सोडवली, खुंट्या, बटणं, वायरी सगळं काढून एका जुन्या धोतरात बांधून ठेवलं. वायरी कुठून जातात तिथं त्यानं पेन्सिलीनं रेघा मारून दिल्या, म्हणजे मायची पटाशी तिथं जाणार नाही. शिकंज्यात उरलं ते नुसतं धड, दोन शिंगांचं. नर्मदाबाईनं काचेच्या तुकड्यानं रंग खरवडायला घेतला. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. लाल साल निघत गेली आणि खालून फिकं लाकूड वर आलं.

लाकूड नाकाजवळ धरलं की नर्मदाबाई डोळे मिटून त्याचं नाव सांगायची. साग तेलकट, निंब कडू, बाभूळ ओल्या कातड्यासारखी. तिनं या लाकडाचा वास घेतला. पुन्हा घेतला. बारीक कपची काढून जिभेवर ठेवली.

कशाचाच वास नव्हता. कशाचीच चव नव्हती. पाण्याला तरी चव असते.

"परदेशी असेल," भटू म्हणाला.

"परदेशात झाडं उगवत नाहीत का?" ती म्हणाली. तिला त्या लाकडाचा रागच आला. पाहुण्यानं घरात यावं आणि नाव सांगू नये, तसं ते वागत होतं.

शेजारी तोतारामचं भंगाराचं दुकान होतं. किती उतरलं ते कळावं म्हणून नर्मदाबाईनं धड आधी त्याच्या छोट्या काट्यावर ठेवलं. एका पारड्यात धड, दुसऱ्यात दोन किलोचं माप, आणि वर तोतारामनं गल्ल्याचं पितळी कुलूप ठेवलं तेव्हा काटा सरळ झाला.

"दोन किलो आणि कुलूप," तोताराम म्हणाला. "ध्यानात ठेवा, अक्का."

ती कामाला लागली. उजवा हात जिथं टेकतो तिथली कड तिनं कानशीनं उतरती केली. पाठीमागून, पोटाला लागतं तिथं, रंधा मारून खोलगट काढलं. लाकूड फार सहज निघत होतं. रंध्याच्या तोंडातून लांब, मऊ ढलप्या गुंडाळत बाहेर यायच्या आणि तिच्या पायांवर पडायच्या. त्या कोमट होत्या. उन्हाच्या असतील, असं तिला वाटलं, पण ऊन तर अजून उंबऱ्यापाशीच होतं.

हिलाल मिस्तरीची एक रीत होती. लाकूड गिऱ्हाइकाचं असलं की कामाबरोबर ढलप्याही तो फडक्यात बांधून परत द्यायचा. लोक हसायचे, म्हणायचे, मिस्तरी, हा कचरा काय डोक्यावर घेऊ? तरी तो द्यायचाच, आणि का म्हणून विचारलं तर म्हणायचा, माझ्या बापानं दिल्या. नर्मदाबाईनंही ती रीत इतकी वर्षं पाळली होती. पण हे घरचंच काम. परत द्यायच्या कोणाला? पहिल्या दिवसाच्या ढलप्या तिनं सुनेच्या ओच्यात घातल्या. प्रमिलानं त्या अंगणातल्या चुलीत सारल्या आणि त्याच्यावर भटूच्या अंघोळीचं पाणी तापलं. ढलप्या पेटल्या, पण धूर झाला नाही.

संध्याकाळी भटूनं धडाला पट्टा लावला आणि खांद्यावर घेऊन पाहिला. त्याचं तोंड उजळलं.

"माय! हलकी व्हई गई!"

तो अंगणात चालला, वाकला, गोल फिरला. अपघातानंतर पहिल्यांदा त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आले. नर्मदाबाईनं पदरानं कपाळ पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धड काखेत मारून ती ऐटीत तोतारामकडं गेली.

दोन किलो आणि कुलूप. काटा सरळ.

"तोता, तुना काटा खोटा शे."

"खोटा असता तर अक्का, मी भंगारात बसलो असतो का? माडी नसती बांधली?"

"माझ्या हातानं ढीगभर लाकूड निघालंय त्यातून."

"मग निघालेलं लाकूड हवेचं असेल." तो हसला. नर्मदाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हसणं आवरून कुलूप उचललं, उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा ठेवलं. काटा सरळच राहिला.

लाकूड आपल्याला दाद देत नाही, हे नर्मदाबाईला सोसणारं नव्हतं. तिनं धड उलटं शिकंज्यात आवळलं. गिरमिटानं पाठीत ओळीनं भोकं पाडली आणि मोगरी पटाशी घेऊन मधला भाग पोखरायला बसली. वरून पातळ प्लायवूड बसवलं की बाहेरून कळणार नाही, असा तिचा बेत होता. दिवसभर पोखरलं. या वेळी ढलप्या तिनं जाळल्या नाहीत, त्या दिवशी अंगणातली चूल पेटलीच नव्हती म्हणून. कापसाच्या रिकाम्या गोणीत भरून कोपऱ्यात ठेवल्या. धडात आता दोन ओंजळी धान्य मावेल एवढी पोकळी झाली होती.

दोन किलो आणि कुलूप.

या वेळी तोतारामनं कुलूप उचलून परत गल्ल्याला लावलं. भटू मात्र गिटार खांद्यावर टाकून अख्खी दुपार उभा होता आणि दुखत नव्हतं. "अजून हलकी झाली, माय. अंगावर आहे की नाही तेच कळत नाही." त्यानं जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. चेहरा भरलेला, हात भरलेले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोरगा सुधारला.

अखाजी जवळ आली. प्रमिलाचा भाऊ तिला माहेरी न्यायला धरणगावहून आला. पिशवी भरता भरता ती सासूजवळ येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एक सांगू का? रागवायचं नाही."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"हे खाटेवर बसले की खाट वाजत नाही."

"सुतळी नवी असेल."

"जुनीच आहे. मी बसले की वाजते." प्रमिलानं खालच्या ओठावर दात ठेवले. "परवा हे हापशावर पाणी काढत होते. दांडा खाली जाईना. दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा गेला. मी हसले, तर तेही हसले."

"जा तू. गाडी चुकेल."

ती गेली. नर्मदाबाई काम करत राहिली, पण आता तिचं ध्यान हातांवर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोतारामनं भटूला सायकलवर डबल सीट घेऊन दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. तोताराम सायकलवर बसला, एक पाय जमिनीला लावून थांबला. भटू मागच्या कॅरिअरवर बसला. तोताराम थांबूनच राहिला.

"बठना का रे?"

"बसलो ना केव्हाचा."

तोतारामनं मान वळवून पाहिलं. मग पुढं बघून पायडल मारलं. कोपऱ्यापर्यंत त्यानं तीनदा मागं वळून पाहिलं.

ते गेल्यावर नर्मदाबाईनं कारखान्यातला भुसा सपाट झाडला, रोज झाडायची तसाच. मग पाण्याच्या माठापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या पावलांचे ठसे उमटले, टाचेचे खोल, बोटांचे पाच पाच. दुपारी भटू आला. दारातून आत आला, माठातलं पाणी प्यायला, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं आणि मागच्या दारानं घरात गेला.

नर्मदाबाईनं भुशाकडं पाहिलं. तिथं तिच्या एकटीचे ठसे होते.

ती बाकावर बसली. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता. मग ती उठली, कारण बसून राहणं तिला कधी जमलं नव्हतं. कोपऱ्यातली ढलप्यांची गोणी आधी बाहेर काढावी म्हणून तिनं गोणीच्या तोंडाला हात घातला आणि उचलली.

गोणी हलली नाही.

ही बाई सागाची फळी डोक्यावर घेऊन पूल ओलांडायची. तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी गोणीचे कान धरले, पाय रोवले. गोणी जेमतेम वीतभर सरकली. आत काय आहे म्हणून तिनं तोंड सोडलं. फिक्या, मऊ, गुंडाळलेल्या ढलप्या. एक उचलली. तळहातावर ती ओल्या वाळूच्या ढेकळासारखी बसली.

आणि कोमट होती.

नर्मदाबाईनं गोणी ओढत ओढत तोतारामच्या दुकानात नेली. तिथं आढ्याला लोखंड तोलायची मोठी तागडी टांगलेली होती, साखळदंडाची, दोन्ही पारडी कमरेच्या उंचीला लोंबणारी.

"हिला एका पारड्यात चढव," ती म्हणाली.

तोताराम आणि त्याच्याकडचा एक हमाल, दोघांनी मिळून ती चढवली. तोतारामच्या कपाळावर शीर उभी राहिली. "अक्का, काय भरलंय? शिसं?"

"भटू!" तिनं हाक मारली. "आठे ये."

भटू आला. "बस त्यात," तिनं दुसऱ्या पारड्याकडं बोट दाखवलं. भटूला गंमत वाटली. लहानपणी तो त्या पारड्यात झोके घ्यायचा. तो मांडी घालून बसला.

हमालानं तागडीची खुंटी काढली.

ढलप्यांचं पारडं जमिनीला टेकलं. भटूचं पारडं वर गेलं. अगदी सावकाश, साखळीचा आवाज न करता, तोतारामच्या छातीपर्यंत, मग डोक्यापर्यंत.

"माय, देख!" भटू वरून हसत म्हणाला.

कोणी हसलं नाही.

हमालानं खांद्यावरचं फडकं उचललं आणि तो चालायला लागला. तोताराम भिंतीला पाठ लावून उभा होता. "अक्का," तो म्हणाला, "हाई काय शे?"

"माले माहीत नही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "त्याला उतरव. हळू. आणि तोता, हे गल्लीत गेलं तर तुझी जीभ मी पटाशीनं काढीन."

त्या दुपारी तिनं सरस शिजवला. लाकडाला भगदाड पडलं की मिस्तरी भुसा आणि सरस मळून त्यात भरतो, वाळला की लाकूडच होतं. ती तेच करणार होती. ढलप्या खलात कुटायला घेतल्या तेव्हा प्रत्येक मूठ उचलताना तिचा दंड थरथरत होता.

भटू उंबऱ्यावर बसला होता. वाऱ्याची एक झुळूक आली, रस्त्यावरची धूळ फिरवत गेली, आणि त्यानं पटकन चौकट धरली. धरली हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

"माय, नको भरू. पहिल्यांदा दुखत नाहीय."

"माले दिसस."

"मेहरूणचा प्रोग्राम आलाय. असाच राहू दे ना. मी उभा राहतोय, तुला तेच पाहिजे होतं ना?"

तिनं कुटलेला भुसा सरसात मळला आणि पटाशीच्या पाठीनं पोकळीत दाबायला लागली. एक थर. दुसरा थर. ऊन उतरत गेलं. एका थरानंतर तिला मागून ओळखीचा आवाज ऐकू आला. भटूनं दातांवर दात दाबून श्वास ओढला होता.

"दुखस का?"

"खूप."

"दुखू दे," ती म्हणाली आणि आणखी जोरानं दाबायला लागली.

गोणी रिकामी झाली. पोकळी मात्र पूर्ण भरली नाही. मधोमध तळहाताएवढा खड्डा राहिला. चुलीत गेल्या होत्या त्या ढलप्यांचा. चुलीची राख प्रमिलानं केव्हाच भांडी घासून संपवली होती. दुसरा भुसा घालावा, असं नर्मदाबाईच्या मनात आलं. सागाचा होता, निंबाचाही होता. तिनं मूठ भरली, खड्ड्याजवळ नेली आणि परत टाकून दिली. दुसऱ्या कोणाचं काय आत जाईल, कोणी सांगावं. तिनं तो खड्डा तसाच ठेवून वर प्लायवूड बसवलं.

सरस वाळल्यावर धड तोललं. दोन किलो आणि कुलूप. त्याचं तिला आता काही वाटलं नाही. तिनं भटूला भुशावरून चालायला लावलं. ठसे उमटले. टाचा उमटल्या, बोटं उमटली. जरा उथळ होते, पंधरा सोळा वर्षांच्या पोराचे असतात तसे. पण होते. ती खाली बसली आणि एका ठशात आपलं बोट घालून पाहिलं. मग उठून म्हणाली, "जेवायला चल."

भटूचा चेहरा पुन्हा पांढरा पडला होता. "मी नाही उभा राहू शकणार, माय. दुसऱ्या गाण्याला पडेन."

"नही पडशी." तिनं बैलाच्या पट्ट्याचं रुंद चामडं कापून गिटारीला लावलं, आतून जुन्या गोधडीचं अस्तर शिवलं. "दात दाबून उभा राहा. दुखलं म्हणजे तू आहेस तिथं, एवढं लक्षात ठेव."

"तुला गोष्टी सोप्या वाटतात."

"मला अवघड गोष्टी करता येतात. सोप्या वाटत नाहीत."

त्यानं तारा चढवल्या, वायरी जोडल्या. गिटारीचा आवाज उतरला नव्हता. उलट, खालच्या तारेला त्यानं बोट लावलं तेव्हा माठातलं पाणी थरथरलं. जाताना तो वाकून तिच्या पाया पडला आणि कण्हला. ते कण्हणं ऐकून तिला बरं वाटलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी उजाडल्यावर टेम्पो गल्लीत आला. भटू उतरला, तिच्याकडं बघून हसला, गिटार कारखान्यातल्या बाकावर ठेवली आणि आत झोपायला गेला. पितांबर मात्र चहाला थांबला. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते, पण तोंडभर हसत होता.

"अक्का, मानलं तुम्हाला! काय उभा राहिला! जागा त्याची. सुरतच्या पोराला मी आजच नाही म्हणून कळवतो."

"मी सांगितलं होतं."

"पहिल्या भागात जरा घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. घामानं ओला झाला होता, मला वाटलं, आता कोसळतो. मधल्या सुटीनंतर आला तो वेगळाच. हसतोय, उड्या मारतोय. नवरीकडचे सगळे त्याच्याकडंच बघत होते."

नर्मदाबाईच्या हातातली किटली थांबली. "सुटीत काय केलं त्यानं?"

"काही नाही. मांडववाल्या सुताराकडून पटाशी मागून घेतली आणि तळ्याकडं जाऊन बसला होता. पट्ट्याचा स्क्रू ढिला झाला असेल. का?"

"काही नाही. साखर पाहिजे का?"

पितांबर गेल्यावर तिनं गिटार उलटी केली. प्लायवूडचे स्क्रू वाकडे बसवलेले होते. तिनं ते काढले. आतला तिनं भरलेला भराव निघाला होता. तोच नाही, त्याच्या खालचं अस्सल लाकूडही खरवडलं होतं, आडवंतिडवं, रेषेच्या उलट, सुताराचा हात नसलेल्या माणसानं घाईघाईनं खरवडावं तसं. पुढची बाजू एवढी पातळ उरली होती की दारातला उजेड त्यातून तांबूस दिसत होता.

ती आतल्या खोलीत गेली. भटू खाटेवर तिच्याकडं तोंड करून झोपला होता, कालचाच सदरा घालून. चेहरा लहान पोरासारखा निवांत.

"भटू. ढलप्या कोठे टाक्यात?"

"हं?"

"गिटारीच्या. काल काढल्यास त्या."

"उडवल्या," तो डोळे न उघडता म्हणाला. "मूठमूठ घेऊन. टेम्पोतून. पारोळ्याच्या अलीकडं, मोकळं रान आहे ना तिथं. काय वारा होता, माय. एकही खाली पडलेली दिसली नाही." तो हसला. "आता दुखत नाही."

आणि त्यानं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. खाट वाजली नाही.

त्याच्या सदऱ्याची पाठ पांढरी झाली होती. खांद्यांपासून कमरेपर्यंत, आणि डोक्याच्या मागच्या केसांतही. नर्मदाबाईनं बोट लावलं. चुना होता. भिंतींना मागच्याच वर्षी हिरवा ऑइलपेंट दिला होता, तिनंच देववला होता. चुना फक्त छताला होता.

तिनं मान वर केली. खाटेच्या बरोबर वर, छताच्या चुन्यावर, माणसाच्या पाठीएवढा भाग पुसला गेला होता.

तळहातानं तिनं त्याच्या पाठीवरचा चुना झटकला, मग केसांतला. तो जागा झाला नाही. बाहेर ऊन चढायला लागलं होतं आणि पांझरेकडून गरम वारा सुटला होता.

नर्मदाबाई उठली आणि घरातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या.